पीसीओएसचं निदान झाल्यावर: हार्मोन्स, वजन आणि पहिले सहा महिने

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तळाशी एक ओळ असते: दोन्ही अंडाशय पॉलिसिस्टिक. त्या ओळीनंतर घरात काय सुरू होतं ते बहुतेकींना पाठ आहे. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी मावशीचा फोन, संध्याकाळी ‘भात बंद कर’. आणि डॉक्टरांच्या खोलीत, ‘दहा किलो कमी करा, मग बघू.’

मला तेविसाव्या वर्षी हेच सांगितलं गेलं. दहाच किलो का, ते कसे उतरवायचे, नाही उतरले तर पुढे काय, यातलं काही कुणी बोललं नाही. मी चार महिने रात्रीचं जेवण सोडलं. सहा किलो उतरले, पुढच्या वर्षभरात नऊ चढले, आणि पाळी होती तशीच लांबत राहिली. ज्या मुली आज तिथे उभ्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबण्याचा आजार) वजनाचा काटा हे सगळ्यात शेवटी बघायचं माप आहे. पाळीच्या तारखा, कंबरेचा घेर आणि रक्तातली साखर त्याच्या आधी बोलायला लागतात, आणि जास्त खरं बोलतात.

पहिली पायरी: वहीत तारखा लिहा

मोबाइलवरचं अ‍ॅप चालेल, पण पुढची पाळी कधी येईल हा त्याचा अंदाज आपल्या बाबतीत बहुतेक वेळा चुकतो. साधी वही घ्या. पाळीचा पहिला दिवस, किती दिवस टिकली, रक्तस्राव कमी की जास्त, कुठली गोळी चालू होती. बस. मागच्या वर्षभराच्या आठवतील तेवढ्या तारखाही लिहून काढा. लग्न, परीक्षा, गणपती, दिवाळी असं काही आठवलं की तारखाही आठवतात.

वयात येऊन तीन वर्षं झाल्यानंतर दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ दिवसांपेक्षा जास्त असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित धरतात. अंतर मोजताना पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. ‘पाळी संपल्यापासून’ मोजणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत, आणि त्यांचा हिशोब चार-पाच दिवसांनी चुकलेला असतो.

दुसरी पायरी: निदान नीट झालंय ना, हे बघा

नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. डॉक्टर आजही ज्या निकषांवर चालतात ते २००३ साली रॉटरडॅमला झालेल्या बैठकीत ठरले. तीन गोष्टींपैकी दोन असाव्या लागतात: पाळी अनियमित असणं, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी म्हटले जाणारे हार्मोन्स जास्त असल्याची खूण, मग ती हनुवटीवरच्या जाड केसांत दिसो, हट्टी मुरुमांत दिसो की रक्तात, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं ठरावीक रूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयातल्या बारीक पिशव्यांतून येणारं हार्मोन) ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या बाबतीत मात्र पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफी आणि एएमएच दोन्ही निदानासाठी वापरू नयेत, कारण त्या वयात धडधाकट मुलींचे अंडाशयही तसेच दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलीला केवळ सोनोग्राफीवरून ‘तुला पीसीओडी आहे’ सांगितलं गेलं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

पीसीओडी आणि पीसीओएस हे दोन वेगळे आजार असल्याचं आपल्याकडे बरंच ऐकू येतं. पहिला सौम्य, दुसरा गंभीर, वगैरे. त्याला वैद्यकीय निकषांत आधार नाही.

अजून एक, जे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. रिपोर्टमधल्या ‘सिस्ट’ म्हणजे गाठी नाहीत. अंडं ज्यात वाढतं त्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या बारीक पिशव्या आहेत, ज्या अर्ध्या वाटेत वाढायच्या थांबल्या. त्या काढायच्या नसतात, फुटण्याची भीती बाळगायची नसते, आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. मी दोन वर्षं पोटात गाठी आहेत असं समजून पालथी झोपायला घाबरत होते.

पाळी लांबण्याची दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. त्यासाठी गरोदर नसल्याची खात्री, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एफएसएच (अंडं वाढवणारं हार्मोन), आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक आनुवंशिक दोष तपासणारी १७-ओएचपी. ही शेवटची तपासणी बऱ्याचदा राहून जाते, म्हणून नावानिशी विचारा.

तिसरी पायरी: शरीरात काय चाललंय ते एकदा शांतपणे समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जेवलं की साखर रक्तात येते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनचं काम स्नायूंना आणि यकृताला सांगायचं: साखर आत घ्या. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींमध्ये स्नायू आणि यकृत हे सांगणं धड ऐकत नाहीत. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. साखर ताब्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, पण तो चढलेल्या आवाजाच्या जोरावर. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

घोळ असा की अंडाशयाचे कान मात्र तल्लख असतात. ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पूर्ण ऐकू जातं आणि ते जास्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजेन, बनवायला लागतं. त्याच वेळी यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणं हे या एसएचबीजीचं काम. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि केस, त्वचा, अंडाशय यांच्यावर परिणाम करतं ते हे मोकळं. अंडं पिकत नाही, सुटत नाही. अंडं सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही. प्रोजेस्टेरॉन नाही म्हणजे गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, झडत नाही. पाळी लांबते.

आता वजन. पोटाच्या आतली चरबी इन्सुलिन रेझिस्टन्स वाढवते. वाढलेलं इन्सुलिन अँड्रोजेन वाढवतं. आणि स्त्रियांमध्ये अँड्रोजेन वाढले की चरबी मांड्यांऐवजी पोटाकडे साठायला लागते. म्हणजे वजन हे कारणही आहे आणि परिणामही. ‘तू खातेस म्हणून तुला हे झालं’ हे म्हणणं चूक, आणि ‘वजनाचा याच्याशी संबंध नाही’ हेही चूक. या रहाटाला मध्येच कुठे हात घालता येईल हे शोधायचं असतं.

बारीक असलेल्यांनाही हे होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. म्हणून ‘तू तर एवढी बारीक, तुला कसलं पीसीओएस’ म्हणून साखरेची तपासणी टाळू नका.

चौथी पायरी: तपासण्या, आणि त्या देण्याआधीची तयारी

रक्त कुठल्या दिवशी द्यायचं याचा रिपोर्टवर मोठा परिणाम होतो. एलएच (अंडं सुटायला लावणारं हार्मोन), एफएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएचपीसाठी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसातली सकाळ उत्तम. पाळी येतच नसेल तर अडून बसू नका. डॉक्टरांना विचारून कुठल्याही दिवशी द्या, फक्त शेवटच्या पाळीची तारीख फॉर्मवर लिहा. प्रोलॅक्टिनसाठी धावतपळत जाऊन लगेच हात पुढे करू नका. पंधरा-वीस मिनिटं शांत बसा, ताणानेही ते वाढतं.

दोन गोष्टी लॅबवाले सहसा विचारत नाहीत. एक, गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी एसएचबीजी वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं, म्हणजे गोळ्या चालू असताना अँड्रोजेनचा रिपोर्ट निदानासाठी उपयोगाचा राहत नाही. किमान तीन महिने बंद असाव्या लागतात, आणि त्या काळात गर्भ नको असेल तर दुसरं साधन हवं. दोन, केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. मोठ्या मात्रेतलं बायोटिन बऱ्याच हार्मोन तपासण्यांत गडबड करतं, थायरॉइडच्या रिपोर्टमध्येसुद्धा. काही दिवस आधी बंद करा आणि तसं सांगा.

आता रिपोर्ट वाचताना काय बघायचं ते एका उदाहरणातून दाखवते. दोघी मैत्रिणी. दोघींचं टोटल टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बऱ्याच लॅबच्या नॉर्मल मर्यादेत. पहिलीचं एसएचबीजी ७०, दुसरीचं १८. फ्री अँड्रोजेन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज, काढायचा तर टेस्टोस्टेरॉन नॅनोमोलमध्ये आणायचं (५० ला ०.०३४७ ने गुणलं की सुमारे १.७३), त्याला शंभराने गुणायचं आणि एसएचबीजीने भागायचं. पहिलीचा आकडा येतो अडीचच्या आसपास. दुसरीचा साडेनऊच्या वर. साधारण पाचच्या वर गेला की जास्त समजतात. दोघींच्या कागदावर टेस्टोस्टेरॉन ‘नॉर्मल’ छापलेलं असेल, पण हनुवटीचे केस दुसरी उपटत असते. म्हणून टोटल टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी मागून घ्या.

एलएच-एफएसएचचं गुणोत्तर बघून अजूनही निदान सांगितलं जातं. ते निकषांत नाही. फास्टिंग इन्सुलिनचंही तसंच: आकडा आज एक, उद्या दुसरा, आणि उपचार त्याने फारसे बदलत नाहीत. तो पैसा साखरेच्या चांगल्या तपासणीवर घाला.

ती तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल किंवा दोन तासांची १४० ते १९९ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर दोन तासांची २०० किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह, जो दुसऱ्या तपासणीने पक्का करतात. आपल्यात बऱ्याच जणींची उपाशीपोटीची साखर ९२ असते आणि दोन तासांची १६०. फक्त पहिली बघितली तर सगळं आलबेल वाटतं. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) सोयीची आहे, पण अंगात लोह कमी असेल तर ती खोटी जास्त दिसू शकते, आणि सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर काही पद्धतींत आकडा भरवशाचा राहत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आहे, तिकडच्या मुलींनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

ग्लुकोज प्यायल्यावर मळमळतं. थोडं लिंबू पिळू द्याल का, असं विचारा, बऱ्याच लॅब देतात. आणि त्या दोन तासांत फेऱ्या मारत बसू नका, चालण्याने आकडा खाली येतो. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब एकदा बघून घ्या.

पाचवी पायरी: टेप आणि आरसा

शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. बीएमआयची भारतीय मोजपट्टीही कडक आहे: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा.

मग आरशासमोर मान वळवून बघा. मानेच्या मागे, काखेत, कोपराच्या घडीत मखमलीसारखी जाडसर काळपट त्वचा दिसते का? आमच्या घरी तिला मळ समजत. आई दर रविवारी बेसन-हळद लावून, मग लिंबाची फोड घेऊन, शेवटी वजरीने माझी मान घासायची. लाल व्हायची, रक्त यायचं, काळेपणा तसाच. तो मळ नव्हता, वाढलेल्या इन्सुलिनची खूण होती. ती घासून जात नाही. इन्सुलिन उतरलं की आपोआप फिकी होत जाते, आणि ती फिकी होताना दिसणं हा काट्यावर न दिसणारा फरक आहे. मुलीची मान घासणाऱ्या प्रत्येक आईला मला हात धरून सांगावंसं वाटतं, की बाई गं, थांब.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. रोज नको.

सहावी पायरी: किती कमी करायचं आणि कसं खायचं

दहा किलो विसरा. वजन जास्त असेल तर त्याचा ५ ते १० टक्के हिस्सा उतरला की बऱ्याच जणींची पाळी सुधारते, साखर सुधारते, अँड्रोजेन थोडे उतरतात. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असेल तर बीएमआय ३०. तिचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर. सहा महिन्यांत साडेतीन किलो! हे माणसाला झेपण्यासारखं आहे. आणि वजन अजिबात न हलता कंबर दोन सेंटिमीटरने उतरली, पाळी ६० वरून ४२ दिवसांवर आली, तर तेही यशच. तसं वहीत लिहा.

कुठला आहार? २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटलंय की कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. कीटो, गव्हाशिवाय, दुधाशिवाय, पाळीच्या दिवसांप्रमाणे ठरावीक बिया खाण्याचं वेळापत्रक, यातलं काही पीसीओएससाठी सक्तीचं नाही. जो आपल्या घरात दोन वर्षं टिकेल तो आहार चांगला.

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक प्रथिनांनी पडतो, आणि नेमकी तीच आपल्या ताटात कमी पडतात. रोज किलोमागे सुमारे पाऊण ते एक ग्रॅम धरलं तर ७२ किलोच्या बाईला साधारण ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीच्या उसळीत सहा ते आठ. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात थोडे जास्त. सुक्या सोयाबीन वड्या ३० ग्रॅम म्हणजे पंधरा. आता सकाळचे कांदेपोहे, दुपारी दोन पोळ्या-बटाट्याची भाजी, चारला चहा-खारी, रात्री वरणभात, असा दिवस मोजा. तीसही भरत नाहीत.

म्हणून पोहे सोडू नका, अर्धे करा आणि सोबत वाटीभर मोडाची उसळ किंवा दोन अंडी घ्या. भाताचा मूद ठेवा, पण वरण पातळ पाण्यासारखं नको, पळीत उभं राहील असं घ्या. भाकरी चांगलीच, तरी तीन भाकऱ्या आणि ठेचा म्हणजे पथ्य झालं नाही. एक-दीड भाकरी, पिठलं, पालेभाजी, ताक असं ताट मांडा. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी-भात. क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

उपवासाचं बोलायलाच हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. संकष्टी, चतुर्थी, गुरुवार, शिवाय नवरात्र, आणि प्रत्येक वेळी ताटभर खिचडी, बटाट्याचा कीस, वर गोड लस्सी! उपवास सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, श्रद्धेचा भाग आहे. राजगिऱ्याची भाकरी, घट्ट दही, थोडी वऱ्याच्या तांदळाची भगर आणि दाण्याची आमटी, उपवासालाही हे चालतं आणि पोट धरून राहतं.

जिरं, मेथी, दालचिनी यांच्या पाण्याने बिघडत काही नाही. त्याच्या भरवशावर औषध मात्र सोडू नका.

सातवी पायरी: हालचाल आणि झोप

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतात. रहाटात हात घालायची ही सगळ्यात सोपी जागा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, घरातल्या घरात चाललात तरी चालेल. आठवड्याला एकूण १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिम हवीच असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पंधरा वेळा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणं, जिने. स्नायू वाढले तर काटा खाली येणार नाही, कंबर येईल.

रात्री मोठ्याने घोरता, दिवसभर पेंगता? मग झोपेत श्वास अडखळतो का ते तपासा. पीसीओएसमध्ये हे जास्त दिसतं.

आठवी पायरी: औषधांशी मैत्री

औषध लागलं म्हणजे आपण हरलो, असं कुणी मनात भरवलं असेल तर ते काढून टाका. डोस डॉक्टर ठरवतील. कुठली गोळी काय करते एवढंच सांगते.

गर्भनिरोधक गोळ्या पाळी वेळेवर आणतात, एसएचबीजी वाढवून मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करतात आणि अस्तराचं रक्षण करतात. त्यावर येणारा रक्तस्राव म्हणजे अंडं सुटल्याची खूण नव्हे, आणि गोळ्या थांबल्या की मूळ स्वभाव परत येतो. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे झगमगाट होत असेल, रक्तात गाठ झाल्याचा इतिहास असेल किंवा रक्तदाब जास्त असेल तर हे आधी सांगा, कारण अशा वेळी त्या देत नाहीत.

मेटफॉर्मिन इन्सुलिनचा चढलेला आवाज खाली आणतं. वजनात थोडाच फरक, साखरेत जास्त. पहिले दोन आठवडे पोट बिघडतं. जेवणासोबत, छोट्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर निभतं, आणि पोट फारच कुरकुरत असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मागा. वर्षानुवर्षं घेणार असाल तर बी-१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर नक्कीच. इनोसिटॉल या पूरक पदार्थाच्या पुड्यांनी अपाय कमी, फायद्याचा पुरावाही मर्यादित. परवडत असेल तर घ्या, त्यासाठी कर्ज काढू नका.

नको असलेल्या केसांवर स्पायरोनोलॅक्टोन देतात. परिणाम दिसायला सहा महिने लागतात, आणि ते चालू असताना गर्भ राहता कामा नये. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात. वजन भरपूर असेल तर उपयोगी, पण मूल हवं असेल तर आधी ठरावीक काळ बंद करावी लागतात आणि थांबवल्यावर वजन परतण्याचा धोका असतो.

मूल हवं असणाऱ्यांनी घाबरून जाऊ नका. अंडं सुटायला मदत करणारं पहिल्या पसंतीचं औषध आहे लेट्रोझोल. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात जुन्या क्लोमिफिनपेक्षा त्याने जास्त स्त्रियांना मूल झालं, २७.५ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: पाळी अनियमित म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. अंडं कधीतरी न सांगता सुटतं. नको असेल तर साधन वापरा.

वाट न बघता डॉक्टर गाठावेत अशा वेळा

तीन महिने म्हणजे ९० दिवस पाळी आली नाही तर आधी घरी गरोदरपणाची चाचणी, मग डॉक्टर. ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून वर्षभर बसू नका. अस्तर जाड होत राहिलं तर पुढे त्यात बिघाड होण्याचा, कॅन्सरचाही, धोका वाढतो, आणि तो टाळायला प्रोजेस्टेरॉनच्या काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. दर तासाला पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी जा. आवाज अचानक घोगरा झाला, काही महिन्यांत चेहऱ्यावर दाट केस आले, टेस्टोस्टेरॉन १५०-२०० च्या पुढे गेलं, तर हे नेहमीचं पीसीओएस नसू शकतं. पोटावर रुंद जांभळे पट्टे आणि जरा लागलं की काळंनिळं होणं, हेही वेगळं तपासायचं.

आणि मन. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, त्याची विचारपूस हा उपचाराचा भाग आहे. लग्न जमवताना ‘मुलगी जरा जाड आहे’ हे वाक्य ज्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दोन आठवडे काहीच करावंसं वाटत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटीला जाताना पिशवीत एवढं असू द्या: तारखांची वही, जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, कंबरेचा पहिला आणि आजचा आकडा. वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहून न्या, कारण खुर्चीत बसलं की आठवत नाहीत. माझे होते: माझं एसएचबीजी तपासलंय का? दोन तासांची साखर कधी करायची? आणि वजन उतरलं नाही तर आपण काय करणार आहोत? तिसऱ्या प्रश्नावर ज्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडेच मी गेली नऊ वर्षं जाते.